गुंड्यासकट चार दिवस बोर्डीला

"कुत्रा घेऊन कुणी गावाला जातं का?" आमच्या शेजारणीनं मला विचारलं तेव्हा मी जिन्यात उभी राहून गुंड्याची गोधडी झटकत होते. तिचंही काही चुकलं नाही. दोन महिन्यांपूर्वी मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

गुंड्या आमच्याकडे आला तो मामंजींच्या पिशवीतून. ते निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात भाजी आणायला म्हणून गेले आणि भाजीऐवजी एक ओलंचिंब पिल्लू घेऊन आले. अगदी गावठी. अंग काळं, पाय तपकिरी आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तपकिरी ठिपका. सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आणि मेथी?" त्या दिवसापासून नऊ वर्षं सासूबाई आणि गुंड्या एकाच घरात राहिले, पण एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. स्वयंपाकघराचा उंबरा ही त्याची हद्द. तो उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसे आणि त्या त्याला न पाहता पोळ्या लाटत.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि मामंजी गेले. झोपेतच गेले. माणसांचं काय, दिवस झाले, पाहुणे गेले, आम्ही आपापल्या कामाला लागलो. गुंड्या मात्र रोज संध्याकाळी साडेपाचला उठून दाराशी जाऊन बसायचा. ही मामंजींची फिरायला निघायची वेळ. जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारायचे आणि दुसराच कुणी निघाला की पुन्हा खाली. साडेसहा-सातपर्यंत हे चालायचं.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्याची दया येत होती, पण त्याहून जास्त कंटाळा येत होता. माझी सकाळची अर्धवेळ शाळा, मुलांचे डबे, सासूबाईंची पथ्यं, आणि त्यात सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला खाली नेणं हे सगळं माझ्याच अंगावर आलं. हे रात्री आठला घरी येणार. मुलं "आमचा गुंड्या" म्हणणार, पण साखळी हातात घ्यायची वेळ आली की अभ्यास आठवणार. त्यातून तो संध्याकाळी दाराशी बसून रडतो म्हणून सोसायटीत तक्रार गेली. खरं तर पाळीव जनावर ठेवायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ साली स्पष्ट केलेलं आहे. पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. शेवटी एक दिवस हे म्हणाले, "मुरबाडला दादाच्या शेतावर सोडू या त्याला. मोकळा राहील." मी लगेच "नको" म्हटलं नाही. ही गोष्ट मला आजही टोचते.

नाताळच्या सुट्टीत चार दिवस कुठंतरी जाऊन यायचं आणि येताना मुरबाडचं पक्कं करायचं, असं आमच्या दोघांत ठरलं. मुलांना सांगितलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते चार दिवस गुंड्याला ठेवायचं कुठं? पूर्वी एकदा त्याला पैसे भरून एका ठिकाणी ठेवलं होतं. परत आला तो अंगभर गोचिड्या आणि खोकला घेऊन. त्यानंतर मामंजींनी प्रवासच सोडला होता. थोरली म्हणाली, "मग त्यालाच नेऊ या की!" आणि अशी आमची शोधाशोध सुरू झाली.

आधी फोनवर विचारावं ते

कुत्र्यासकट ठेवून घेणारी घरं आता बरीच झाली आहेत, पण "चालेल" या शब्दाचे अर्थ अनेक असतात. एका ठिकाणी "चालेल" म्हणाले आणि नंतर कळलं की रात्री त्याला फाटकाशी बांधावं लागेल. म्हणून मी एक कागदच केला. कुत्रा खोलीत झोपेल का? तुमचे स्वतःचे कुत्रे आहेत का, आणि ते सुटे असतात का? कुंपण आहे का? कोंबड्या, शेळ्या, मांजरं आहेत का? बागेत फवारणी कधी करता, आणि उंदरांचं औषध टाकता का? जवळ जनावरांचा डॉक्टर कुठं? आणि जादा आकार किती? आपणही खरं सांगावं. कुत्रा केवढा, भुंकतो किती, परक्या माणसावर जातो का. लपवून नेलं की तिथं गेल्यावर दोघांचीही पंचाईत.

असं करता करता डहाणू तालुक्यात, घोलवड आणि बोर्डीच्या मधे, चिकूच्या वाडीतलं एक जुनं कौलारू घर मिळालं. मालकीणबाई इराणी, सत्तरीच्या पुढच्या. मी कागदावरचा पहिला प्रश्न विचारला, तर पलीकडून आवाज आला, "खोलीत नाही तर काय? घरातला माणूस बाहेर झोपते काय?" पुढचे प्रश्न मी भराभर विचारले. कोंबड्यांच्या बाबतीत त्या म्हणाल्या, "वाडीवर काम करणाऱ्या बाईच्या आहेत, सुट्या फिरतात." मी म्हटलं, "आमचा अगदी गरीब आहे हो!" हे वाक्य ध्यानात ठेवा.

वाटेत

डोंबिवलीहून पहाटे पाचला निघालो. कुत्र्याला गाडी लागते, म्हणून निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला काही खायला दिलं नाही, फक्त पाणी. मागच्या सीटवर त्याची रोजचीच गोधडी घातली. नवी, धुतलेली नको. ओळखीचा वास असला की जनावर शांत राहतं. छातीचा पट्टा घालून साखळी अडकवून ठेवली, कारण अचानक ब्रेक लागला तर कुत्रा पुढं फेकला जातो, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढू दिलं तर डोळ्यांत खडे जातात. दर दोन तासांनी थांबून पाणी आणि पाय मोकळे. थांबल्यावर आधी साखळी हातात, मग दार उघडायचं.

रेल्वेनं जायचं झालं तर चर्चगेट ते डहाणू रोड अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाते. पण कुत्रा असला की गाडीच बरी. लांब पल्ल्याच्या गाडीत कुत्र्याला आपल्याजवळ ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं. आमच्या गुंड्यानं त्या पेटीत प्राणच सोडला असता.

मनोर, चारोटी मागं टाकलं आणि विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं. सासूबाईंना दर्शन घ्यायचं होतं. आम्ही पाळी लावली, दोघं आत, दोघं गुंड्याजवळ बाहेर. चैत्री पौर्णिमेपासून इथं पंधरा दिवस मोठी जत्रा भरते. त्या गर्दीत कुत्र्याला आणू नये, पण डिसेंबरातल्या सकाळी सगळं शांत होतं. पुढं तलासरीला महामार्ग सोडून बोर्डीच्या रस्त्याला लागलो आणि हवा बदलली. दोन्ही बाजूंना वारली पाडे, कुडाच्या भिंतींची घरं, कापून झालेली भातखाचरं आणि प्रत्येक अंगणात एक तरी कुत्रा. मग एकदम चिकूच्या बागा सुरू झाल्या, गडद हिरव्या, थंडगार, जमिनीवर ऊन पडू न देणाऱ्या.

हा परिसर इतका शांत कसा राहिला, याला कारण आहे. केंद्र सरकारनं १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं त्यावर देखरेख ठेवायला प्राधिकरणही नेमलं गेलं. न्यायमूर्ती धर्माधिकारी बरीच वर्षं त्याचे अध्यक्ष होते. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता मात्र वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. कोळी बांधवांचा त्याला मोठा विरोध आहे. पुढं काय होईल ते होवो, जायचं असेल तर हा किनारा आज आहे तसा पाहून यावा.

पहिला दिवस

मालकीणबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आमच्याकडे पाहण्याआधी त्या गुडघे धरून खाली वाकल्या आणि गुंड्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "अरे, हा तर चार डोळ्यांचा!" आम्हाला काही उमगलं नाही. चहाच्या गडबडीत विचारायचंही राहिलं.

संध्याकाळी बोर्डीच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांतून वाट जाते. किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी कितीतरी लांब जातं आणि मधे ओली, करडी, घट्ट वाळू राहते. म्हाताऱ्या कुत्र्याला आणि म्हाताऱ्या माणसाला चालायला याहून चांगली जमीन नाही. गुंड्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पहिली लाट आली तसा मागं पळाला, मग तिच्यावर भुंकला आणि ती परत गेली म्हणून स्वतःवर फार खूष झाला. मुलं हसून हसून वाळूत बसली. मामंजी गेल्यानंतर हे चौघं एकत्र हसताना मी प्रथमच पाहत होते. सासूबाई मात्र सुरूखाली चटईवर बसून होत्या.

साडेपाच केव्हाच वाजून गेले होते. गुंड्याला दाराची आठवण झाली नाही, हे माझ्या लक्षात आलं ते परत निघताना.

कोंबडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत बसले होते. धाकट्यानं कौतुकानं गुंड्याची साखळी सोडली. "मोकळा फिरू दे ना आई, वाडीच तर आहे!" मी "हूं" म्हटलं. पाच मिनिटांत मागच्या बाजूनं एकच कालवा ऐकू आला. आम्ही धावलो तोवर सगळं आटोपलं होतं. कोंबडी पडलेली, पिसं पसरलेली, आणि गुंड्या मधे उभा, आपण काय केलं हे न कळून शेपूट हलवतोय.

कोंबडी वाडीवर काम करणाऱ्या वारली बाईची. ती आली, तिनं कोंबडी उचलून पाहिली. ओरडली नाही, पण "असू दे" असंही म्हणाली नाही. म्हणाली, ती खुडूक होती. आठ अंड्यांवर बसली होती, खायला म्हणून जरा उठली तेवढ्यात हे झालं. दुसरी कोंबडी आता खुडूक नाही, म्हणजे ती आठ अंडीही गेली. तिनं कोंबडीचे आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचे पैसे सांगितले. यांनी अंड्यांच्या भावानं हिशेब करायला सुरुवात केली, तेव्हा मागून सासूबाई म्हणाल्या, "ती सांगते तेवढे दे. खुडूक कोंबडी म्हणजे काय, ते मला माहीत आहे. माझ्या माहेरी होत्या." पैसे दिले. त्या बाईनं ते नीट मोजून घेतले आणि जाताना गुंड्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "याला बांध. याचा दोष नाही." कुणाचा दोष, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं.

आपण शहरातली माणसं सुट्टीला जातो तेव्हा ते गाव आपल्या कुत्र्याला मोकळं पळता यावं म्हणून बसलेलं नसतं. तिथं कुणाची शेळी, कुणाची कोंबडी, कुणाचे वाळत घातलेले बोंबील असतात आणि त्यांच्यावर त्यांचं घर चालतं. आपला कुत्रा घरी कितीही गरीब असो, कोंबडी पळताना दिसली की तो कुत्राच असतो.

दुपारी खोलीत हे मला हळूच म्हणाले, "बघ, म्हणूनच म्हणतो. निघताना मुरबाडवरूनच जाऊ." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण साखळी सोडू देणारी मीच होते.

चार डोळ्यांचा

त्या संध्याकाळी कुणी फिरायला गेलंच नाही. मालकीणबाईंनी मागच्या अंगणात उकडहंडी लावली होती. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे मसाला लावून मातीच्या मडक्यात भरायचे, वर रानातला पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी घालायचं नाही, वाफेवरच शिजतं. थंडीत डहाणूपासून पार गुजरातेत वलसाडपर्यंत हा बेत घरोघरी होतो. मसाला लावण्याआधी एक साधं रताळं बाजूला उकडून त्यांनी गुंड्याला कुस्करून दिलं.

तेव्हा मी विचारलं, "चार डोळ्यांचा म्हणजे काय हो?"

त्या म्हणाल्या, आमच्यात डोळ्यांच्या वर असे ठिपके असलेल्या कुत्र्याला चार डोळ्यांचा म्हणतात. आमच्या धर्मात माणूस गेला की त्याच्याजवळ कुत्र्याला आणतात आणि त्याला गेलेल्या माणसाचं दर्शन घडवतात. याला सगदीद म्हणतात. कुत्र्यानं पाहिलं की ते खरं झालं. आणि पलीकडे जायच्या पुलावरही कुत्रेच राखण करतात, म्हणून आमच्या घरात कुत्र्याला उपाशी ठेवणं मोठं पाप.

बी.ए.ला संस्कृत होतं म्हणून मला आठवलं, ऋग्वेदात यमाच्या दोन कुत्र्यांनाही चार डोळ्यांचेच म्हटलेलं आहे. मी ते सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे धर्मराजानं तरी कुठं सोडलं कुत्र्याला? स्वर्गाच्या दारातून परत फिरायला निघाला होता." आणि मग जरा थांबून, जाळाकडे पाहत म्हणाल्या, "आपण मात्र त्या दिवशी याला न्हाणीघरात कोंडलं होतं."

कुणी काही बोललं नाही. खरंच होतं. मामंजींना नेलं तेव्हा घरात गर्दी, रडारड, तो मधे मधे येत होता म्हणून मीच त्याला आत घालून कडी लावली होती. सगळं झाल्यावर संध्याकाळी काढलं. त्यानं मामंजींना घरात झोपलेलं पाहिलं होतं आणि नंतर ते नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "त्याला कुणी सांगितलंच नाही. मग तो वाट बघणार नाही तर काय करणार?"

कुत्र्याला मरण कळतं की नाही, मला ठाऊक नाही. पण नऊ वर्षांत सासूबाईंनी गुंड्याबद्दल इतकी वाक्यं एका वेळी कधी उच्चारली नव्हती. त्या पुढं म्हणाल्या, "मी रोज गॅलरीतून बघायची दोघांना. कोपऱ्यावर वळेपर्यंत हे त्याच्याशी बोलत असायचे. माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत. राग यायचा मला त्याचा." आणि एकदम हसल्या. डोळे पुसले ते धुरामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही.

तिसरी पहाट

सकाळी जाग आली तर सासूबाई अंथरुणात नाहीत, आणि गुंड्याही नाही. साखळी खुंटीवर नव्हती. आम्ही घाबरून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. पार लांब, पाण्याच्या कडेला, दोन ठिपके दिसत होते, एक पांढऱ्या पातळाचा आणि एक काळा. जवळ गेलो तर सासूबाई चपला एका हातात आणि साखळी दुसऱ्या हातात घेऊन चालत होत्या. गुंड्या त्यांच्या पावलानं चालत होता, ओढत नव्हता. आणि त्या बोलत होत्या! काय, ते ऐकू आलं नाही. हे पुढं होऊ लागले तर मी त्यांचा हात धरला.

त्या दिवशी आम्ही आसवलीच्या धरणाकडे जाऊन आलो. मागं डोंगर, पुढं पाणी, माणूस क्वचित. बारडाच्या डोंगरावर बाहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथं बारा वर्षं जपला, अशी परंपरा सांगतात. तोच अग्नी १७४२ पासून इथून जवळच उदवाड्याला आहे. पण ती चढण तरण्या पायांची. आमच्यातल्या दोन म्हाताऱ्यांना, म्हणजे सासूबाईंना आणि गुंड्याला, झेपणारी नव्हती. मुलांना म्हटलं, मोठे व्हा आणि जा.

मला स्वतःला ओढ होती ती कोसबाडच्या टेकडीची. शिक्षिका म्हणून मला हे क्षेत्रच वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडला आल्या. पानं, बिया, खडे, शंख एवढ्या साधनांवर त्यांनी आदिवासी मुलांना शिकवलं. मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत. तेव्हा या बायांनी गुरांचा दोष काढला नाही, मुलांचाही नाही. मूल जनावराला सोडून येऊ शकत नाही ना, मग शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. टेकडीच्या रस्त्यावर गुंड्याची साखळी धरून उभी असताना मला वाटलं, आपण उगाच इतके दिवस डोकं फोडत बसलो. याला सोडून जाता येत नाही, तर सुट्टीच याच्याबरोबर न्यायची. एवढं साधं होतं.

रात्री यांनी मुरबाडचा विषय काढला नाही. मीच काढला. हे म्हणाले, "आई देईल का आता?"

जाणार असाल तर

आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून उन्हाळ्यात दुपारी त्याला बाहेर काढूच नये. वाळूवर किंवा डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही ठेवू नये.

निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून रेबीजची लस झालेली आहे ना ते पाहावं आणि दाखला बरोबर ठेवावा. भातखाचरांतल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तिचीही लस असते. गोचिड्यांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधीच लावावं. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. रोज रात्री कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपाव्या.

समुद्राचं पाणी पिऊ देऊ नये, उलट्या-जुलाब होतात. पिण्याचं पाणी बाटलीत न्यावं. परतल्यावर गोड्या पाण्यानं पाय आणि पोट धुवावं. जाळ्यातून टाकून दिलेले मासे किनाऱ्यावर पडलेले असतात, त्यांत फुगणारा केंड मासा असला तर तो विषारी. तेव्हा "सोड" म्हटल्यावर तोंडातलं टाकायची सवय घरीच लावून न्यावी. चिकूच्या वाडीत पडलेली फळं तो खाणारच, पण चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, तो घशात अडकतो. गर भरवावा, बी नको. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट यांपैकी काहीही देऊ नये. आमचा तीन दिवसांचा त्याचा बेत म्हणजे मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं अंडं किंवा कोंबडी (विकत आणलेली!) आणि थोडं दही.

गवतातून जाताना साखळी आखूड धरावी. या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही असतात. साप चावला असं वाटलं तर कापाकापी, आवळून बांधणं काही करू नये. त्याला चालवू नये, उचलून लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. आणि आपल्या कुणाला कुत्रा चावला, मग तो आपला असो वा गावातला, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

पाड्यातल्या अंगणांत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. बोंबील वाळत घातलेल्या वलांडींपासून लांब राहावं. कागदाच्या पिशव्या बरोबर ठेवून त्याची घाण आपण उचलावी. आणि साखळी सोडू नये. वाडीतसुद्धा!

चौथ्या दिवशी निघताना मी त्या वारली बाईला भेटायला मागं गेले. ती अंगण सारवत होती. तिचा स्वतःचा कुत्रा उन्हात पडला होता. मी गुंड्याला घट्ट धरून लांबच उभी राहिले. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "बांधलास ना? बस." तेवढ्यानं मला बरं वाटलं.

मुरबाडचा रस्ता आम्ही घेतला नाही. मुलांना अजून माहीत नाही की घेणार होतो. हा लेख छापून आला तर कळेल, आणि ते दोघं आमच्याशी चार दिवस बोलणार नाहीत. बरोबरच आहे.

आता रोज साडेपाचला गुंड्या उठतो, पण दाराशी बसत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहतो. आतून सासूबाई म्हणतात, "आले रे, पदर तरी खोचू दे." नऊ वर्षांची हद्द, ती अजून दोघांनीही ओलांडलेली नाही. मी गॅलरीत कपडे काढायला जाते तेव्हा ते कोपऱ्यावर वळताना दिसतात. सासूबाईंचा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो, पण त्याची तक्रार आता फिरून आल्यावर असते. रडण्याची तक्रार सोसायटीत पुन्हा गेलेली नाही.

शेजारणीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. परवा तिनं पुन्हा विचारलं, कारण मे महिन्याची चर्चा आमच्याकडे आत्ताच सुरू झाली आहे. "पुन्हा कुत्रा घेऊन गावाला जाणार तुम्ही?"

मी म्हटलं, "आम्ही नाही हो. सासूबाई जाणार आहेत. आम्हाला बरोबर नेतायत."